कंबर धरल्यावरच्या आणि त्याआधीच्या या चुका टाळा

कामावर कुणाची कंबर धरली की सल्ल्यांना ऊत येतो. त्यातला सगळ्यांत वाईट सल्ला सगळ्यांत आधी मिळतो: ‘आठ दिवस हलू नकोस, सपाट पडून राहा.’

मी तो पाळलाय, म्हणून एवढा चिडून लिहितोय. बसल्या जागेवरून मागे वळून मी जमिनीवरचा कागदाचा खोका उचलायला गेलो. पाच रिमांचा खोका, एकेक रीम अडीच किलोची, म्हणजे सगळे मिळून साडेबारा किलो. वजन काही फार नाही. पण बूड खुर्चीला चिकटलेलं, कंबर पिळलेली आणि हात लांबवलेले. खोका टीचभर वर आला असेल-नसेल, कंबरेत अशी उसण भरली की तो तिथंच सोडून मी टेबलाची कड धरली. मग नऊ दिवस अंथरूण. खरी कळ दोन दिवसांत उतरली होती, उरलेले सात दिवस मी नुसता भीतीपोटी पडून होतो. दहाव्या दिवशी उठलो तर पाठ लाकडासारखी ताठ, पाय लटपटतायत आणि मोजे घालायला दुसरं माणूस लागतंय.

नंतर वाचनात आलं की हे प्रकरण कधीच निकालात निघालंय. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात काही रुग्णांना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं होतं, काहींना सात. दुखण्यात फरक पडला नाही, पण दोन दिवसवाल्यांच्या रजा बऱ्याच कमी झाल्या. दुसऱ्यांदा कंबर धरली तेव्हा मी शेक घेतला, दर तासाला घरातल्या घरात फेऱ्या मारल्या आणि चौथ्या दिवशी कामावर गेलो. दुखत होतंच, पण मोजे माझे मी घातले.

एक मात्र ध्यानात ठेवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर फेऱ्या मारत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आता उचलण्याबद्दल. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या संस्थेच्या सूत्रात उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो आहे, पण ती सगळं आदर्श असताना: वस्तू अंगाजवळ, कंबर सरळ, पकड पक्की. हात लांब गेले किंवा अंग वळलं की हा आकडा झपाट्यानं खाली येतो. मी आता उठतो, खोक्याकडे तोंड करून उभा राहतो, तिथंच खोका फोडतो आणि रिमा दोन-दोन करून नेतो. नवीन पोरं हसतात. ‘एका फेरीत होतं की!’ होतं ना, माझंही तसंच होत होतं.

महागडी खुर्ची घेतली म्हणजे झालं, असं समजणारेही पुष्कळ. तिच्यात चार तास सलग बसणार असाल तर स्टूल काय वाईट होतं? मी पाण्याची बाटली मुद्दाम टेबलावर ठेवत नाही. तहान लागली की उठावंच लागतं.

लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवा आणि कीबोर्ड वेगळा घ्या. मागच्या खिशातलं पाकीट काढा. कंबरपट्टा बांधला म्हणून जास्त वजन उचलू नका. गोळी घेऊन तेच काम पुढे रेटू नका.

आणि जरा दुखलं की एमआरआयला धावणारे! रिपोर्ट हातात आला की ‘मणक्यात गॅप’ म्हणत आयुष्यभर वाकायला घाबरायचं. अहो, काहीच न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांतही दहातल्या साधारण तिघांची दोन मणक्यांमधली गादी फुगलेली दिसते.

‘आठवड्यात बरं करणारा व्यायाम सांगा’ असं विचारणाऱ्यांना मी हल्ली रोज वीस मिनिटं चाला एवढंच सांगतो. नव्वद टक्के तोंड वाकडं करतात. त्यातले चिकट असतील त्यांना सकाळची गोष्ट सांगतो: रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून टम्म होतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर खाली वाकायचं टाळावं. मोजे मी घरातून निघताना, अगदी शेवटी घालतो.