खान्देशातून परक्या ताऱ्याचा वायुग्रह टिपताना
एचडी 189733 बी हा गुरूच्या जातीचा वायुग्रह दर 2.2 दिवसांनी आपल्या ताऱ्यापुढून जातो. पावणेदोन तासांच्या या अधिक्रमणात ताऱ्याचं तेज जेमतेम अडीच टक्के घटतं. जंबुक तारकासमूहातल्या डंबेल तेजोमेघाच्या (एम27) पूर्वेला पाव अंशावर तो तारा सापडेल.

दसऱ्यानंतर आकाश निवळलं की तोरणमाळचं पठार गाठा. रावेर-यावलच्या केळीबागांत ओलावा फार. लेन्सवर दव धरलं, की प्रकाश ग्रहामुळे घटला की दवामुळे, हेच कळत नाही!

ताऱ्यांच्या गतीनं फिरणाऱ्या ट्रॅकिंग माउंटवर कॅमेरा ठेवून 200 मिमी लेन्स लावा आणि फोकस मुद्दाम किंचित ढळवा. नाहीतर मोजके पिक्सेल भरून जातात नि मोजणी वाया जाते. अधिक्रमणाच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेले) फोटो घ्या. तुलनेला शेजारचे दोन-तीन स्थिरतेजाचे तारे हवेतच.