गाणं एक्स्पोर्ट करताना पुढची-मागची शांतता कशी छाटावी

मिक्स पक्कं झालंय, मास्टर ट्रॅकवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे) लिमिटर, म्हणजे आवाजाला कमाल मर्यादा घालणारा इफेक्ट, बसलाय आणि आता फक्त फाइल बाहेर काढायची आहे, असं धरून चालतो. उदाहरण रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं घेतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बटणांची नावं बदलतील, काम तेच.

आधी टाइमलाइन शेवटपर्यंत सरकवून बघा. लांब कुठेतरी एखादा विसरलेला क्लिप (आवाजाचा तुकडा) पडून असतो आणि ‘एंटायर प्रोजेक्ट’ निवडून रेंडर केलं, म्हणजे फाइल बाहेर काढली, की गाण्यामागे मिनिटांच्या मिनिटं शांतता येते. तो क्लिप उडवा. मग पहिल्या आवाजाच्या जरा आधीपासून शेवटचा स्वर विरल्यानंतरच्या १० सेकंदांपर्यंत टाइम सिलेक्शन करा. रेंडरच्या खिडकीत बाउंड्सला (कुठून कुठवर काढायचं ते) ‘टाइम सिलेक्शन’ निवडा आणि २४ बिट वेव्ह फाइल काढा.

ही फाइल अंतिम नाही. ती नव्या, कोऱ्या प्रोजेक्टमध्ये घ्या आणि छाटणी तिथे करा. मूळ प्रोजेक्टमध्ये क्लिप कापून शेवट आखडता येत नाही, कारण क्लिप संपला तरी रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) वाजतच राहतात. नव्या प्रोजेक्टच्या मास्टरवर काहीही लावू नका, नाहीतर लिमिटर दोनदा लागेल.

सुरुवात सोपी आहे. गायिकेने शब्द उचलण्याआधी घेतलेला श्वास गाण्याचाच भाग असतो, तो ठेवा. त्याच्याआधी १०० ते २०० मिलिसेकंद मोकळे सोडा, कारण झोपी गेलेले ब्लूटूथ स्पीकर जागे होताना पहिला क्षण गिळतात. टोकाला १० मिलिसेकंदांचा फेड-इन (शून्यापासून चढत जाणारा आवाज) द्या, म्हणजे ‘टक्’ येणार नाही.

आता शेवट. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने, आणि सगळ्यात वाईट सल्लेही याच्याबद्दलच मिळतात. ‘उणे ४० डेसिबलची मर्यादा लावा, त्याखालचं आपोआप कापलं जाईल,’ हा त्यातला नेहमीचा. (इथे शून्य डेसिबल म्हणजे कमाल आवाज, उणे आकडा जितका मोठा तितका आवाज हळू.) कृपा करून हे करू नका. तानपुऱ्याची आस आणि डग्ग्याची घुमक उणे ४० च्या खाली गेल्यावरही कानाला लागत असते. तिथे कापलं की गाणं दारात अडकल्यासारखं थांबतं. मर्यादा उणे ६० वर नेली आणि खोलीतल्या पंख्याची घरघर उणे ५० ला असली, तर काहीच कापलं जात नाही. ऑडॅसिटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं ‘ट्रंकेट सायलेन्स’ तर पूर्ण गाण्यावर अजिबात चालवू नका. ते निवडलेल्या भागातली प्रत्येक शांतता आखडतं. भाषणाला ठीक आहे. गाण्यात मात्र समेनंतर मुद्दाम घेतलेला विराम तोकडा होतो आणि लय मोडते.

मुळात ध्यानात घ्यायची गोष्ट ही, की घरच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी उरते ती कोरी शांतता नसते. खोलीचा आवाज असतो, माइकची सूक्ष्म सळसळ असते. चार मिनिटं तो आवाज गाण्याखाली दडलेला असतो, म्हणून कुणाला जाणवत नाही. तो एकदम तुटला की मात्र जाणवतो. म्हणून प्रश्न स्वर कुठे संपतो एवढाच नाही, खोली कशी मिटवायची हाही आहे.

हेडफोन लावा. शेवटचा स्वर विरू लागतो तिथपासून पुढचा भाग आवाज वाढवून पुन्हा पुन्हा ऐका आणि स्वर नेमका कुठे खोलीच्या आवाजात मिसळतो ते शोधा. तिथे मार्कर टाका. (गाणं परत पहिल्यापासून लावण्याआधी आवाज कमी करा. कानांशी खेळ नको.) फेड-आउट मार्करच्या जरासा आधी सुरू करा आणि २ ते ४ सेकंदांत शून्यावर आणा. स्वर अजून भरात असताना फेड सुरू केलात, तर गायकाने सोडलेली आस तुम्ही खोडली असं समजा. वेव्हफॉर्म (आवाजाची पडद्यावरची आकृती) सपाट दिसतोय म्हणून तिथे कापायचं, हे तर मला मुळीच मान्य नाही. त्या उंचीवर कितीतरी आवाज डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येतो.

फेड मूळ प्रोजेक्टमध्येच करायचा असेल, तर मास्टरच्या ‘व्हॉल्यूम’ एन्व्हलपवर (वेळेनुसार आवाज वर-खाली नेणाऱ्या रेषेवर) करा, ‘प्री-एफएक्स’ असलेल्यावर नको. प्री-एफएक्सवरचा फेड कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) आणि लिमिटरच्या आधी लागतो. तुम्ही आवाज खाली आणता आणि कॉम्प्रेसर आपली पकड सोडत तो पुन्हा वर उचलतो. उतार वाकडा होतो.

फेड शून्यावर आला की तिथेच फाइल संपवा आणि रेंडर करा. १६ बिट हवं असेल तर डिदर (बिट कमी करताना मिसळतात ती अगदी हलकी सळसळ) या शेवटच्या रेंडरलाच.

एमपी३ वेगळी काढणार असाल, तर तिच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता आपोआप भरली जाते. एमपी३ ची एक चौकट ११५२ सॅम्पलची (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप) असते, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २६ मिलिसेकंद, आणि फाइल अशा पूर्ण चौकटींतच बनते. एकट्या गाण्याला त्याने काही बिघडत नाही. पण अभंगाला जोडूनच गजर सुरू होत असेल आणि दोन्ही वेगळे ट्रॅक हवे असतील, तर फेड अजिबात देऊ नका. एकाच सॅम्पलवर कापा आणि वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच (आवाज न बिघडवता आकार कमी करणारी फाइल) द्या. एमपी३ मध्ये पुष्कळ प्लेअर त्या सांध्यावर फट पाडतात, आणि टाळ सुरू असताना पडलेली फट पहिल्याच वेळी ऐकू येते.