दुसऱ्या अल्बमआधी: माईक नंतर, कागद आधी

माझ्या पहिल्या रॅप अल्बममध्ये नऊ गाणी होती. आज शोधलीस तर आठ सापडतील. चौथं गेलं. बीटवाल्याने (बीट म्हणजे रॅपखालचं संगीत, ते बनवणाऱ्याने) व्हॉट्सअ‍ॅपवर 'घे भावा, तुझंच आहे' लिहिलं, मी यूपीआयने पैसे टाकले, आणि सात महिन्यांनी तेच बीट त्याने दुसऱ्याला एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे फक्त त्याच्यासाठी, विकलं. डिस्ट्रिब्युटरने (गाणी अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या कंपनीने) सहीचा कागद मागितला. कागद नव्हता. मधे फोन बदलल्यामुळे चॅटसुद्धा नव्हतं. दुसऱ्या अल्बमची तयारी त्या भोकापासून सुरू केली आहे.

लिखाणाबद्दल थोडंच सांगतो, ते तुझं तुला कळतं. नऊ हवी असतील तर चौदा-पंधरा लिही आणि निर्दयपणे काप. गल्ली, आई, रिकामा खिसा हे पहिल्यात सांगून झालंय. 'मी येतोय' छापाचं गाणं प्रत्येकाच्या पहिल्या अल्बमात असतं. दुसऱ्यात 'मी आलोय' करू नकोस, प्लीज.

आता बीट. पसंत पडलं की त्यावर लिहायच्या आधी कागद. लिहून झाल्यावर नाही, कारण तोवर वर्स (तुझ्या ओळी) बीटला चिकटलेला असतो आणि समोरचा म्हणेल ती किंमत तू देतोस. आधी त्याला विचार: लीज (भाड्याने) की एक्स्क्लुझिव्ह? लीजवर तेच बीट आणखी दहा जणांकडे असू शकतं, स्ट्रीम्सची मर्यादा असते, आणि असं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (तुझं गाणं कोणी वापरलं ते शोधून दावा लावणारी यंत्रणा) टाकायची परवानगी नसते. टाकलंस तर त्याच बीटवरच्या दुसऱ्या पोराच्या गाण्यावर तुझा दावा जाईल, किंवा त्याचा तुझ्यावर येईल.

हक्क स्वतःच्या नावावर घेणार असशील तर कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १९ एकदा वाच. दोनच पानं आहेत, वाचून कोणी मरत नाही. हस्तांतरण लेखी लागतं, देणाऱ्याच्या सहीचं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे 'जगभर' आणि 'कायमसाठी' हे शब्द तुलाच लिहावे लागतात. शिवाय बीटचं नाव, रक्कम, मास्टर (अंतिम रेकॉर्डिंग) कोणाचा, संगीताच्या रॉयल्टीत कोणाचे किती टक्के, स्टेम्स (बीटमधल्या वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक) मिळणार का, आणि बीटमध्ये कोणाचं सॅम्पल (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा) आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नकोस. 'कोण बघतंय' असं उत्तर आलं तर ते बीट सोड.

सॅम्पलला दोन परवानग्या लागतात: एक रेकॉर्डिंगच्या मालकाची, एक मूळ गीत-संगीताच्या मालकाची. जुन्या लावणीतली ढोलकी उचलण्यापेक्षा वाजवणाऱ्याला बोलाव. आम्ही यावेळी हलगी बोलावली. माईक चार फूट लांब ठेवला तरी लेव्हल लाल होत होती. त्या वादकालाही पैसे आणि कागद, दोन्ही. हुक (परत परत येणारी ओळ) गाणाऱ्या मैत्रिणीचाही कागद. फीचरवाल्या, म्हणजे गाण्यात पाहुणा म्हणून आलेल्या, जिवलग मित्राचाही. जिवलगाचा तर आधी, कारण त्याच्याकडे नंतर मागायला तोंड होत नाही.

अमेरिकेत डे ला सोल या तिघांच्या रॅप ग्रुपचा पहिला अल्बम १९८९ चा, दुसरा १९९१ चा. सॅम्पल्सच्या तेव्हाच्या परवानग्यांमध्ये डिजिटलचा विचारच नव्हता. त्या आणि बाकीच्या भांडणांत हे अल्बम स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडलं. तिघांपैकी डेव्ह त्याआधी तीन आठवडेसुद्धा नाही, फेब्रुवारीत गेला. त्यांच्याकडे वकील होते, लेबल होतं. तुझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे.

कागद झाला की फोटो काढ, पीडीएफ कर, स्वतःला ईमेल कर. फोनमध्ये ठेवू नकोस. फोनमध्ये ठेवू नकोस म्हटलं ना.

रेकॉर्डिंग: वर्स पाठ करून ये, मोबाईलमध्ये बघून म्हटलेला ओळखू येतो. पंखा बंद, शेजारच्या कुकरची वेळ टाळ. २४ बिटवर घे. मेन, डबल्स (त्याच ओळी परत म्हटलेल्या), अ‍ॅडलिब्ज (मधेमधे टाकलेले शब्द) वेगळ्या ट्रॅकवर. सेशन दोन डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. पैसे कमी पडले तर व्हिडिओ काप, मिक्स कापू नकोस. मिक्स रिक्षातल्या स्पीकरवर एकदा ऐक, तिथे शब्द कळले तर ठीक. मास्टरचा आवाज ठोकून फार वाढवू नकोस. स्पॉटिफाय आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) आणतं, ठोकलेलं तिथे नुसतं चपटं वाटतं.

पुढचं पटापट. कव्हर चौकोनी, तीन हजार बाय तीन हजार पिक्सेल, आणि चित्रकाराचा कागद (हो, त्याचाही). प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी नंबर (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लिहून ठेव. अपलोड महिनाभर आधी, स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी पिच (गाणं सुचवणं) निदान सात दिवस आधी, आणि एकाच गाण्याचं करता येतं, त्यामुळे कुठलं ते आधी ठरव. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच. आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व राहिलं असेल तर घे, गीतकार म्हणून तुझा वाटा तिथून येतो. पोस्टर, रील, शो वगैरे ज्याचं त्याने बघावं, मला आता कंटाळा आलाय.

माझी आठ गाणी तयार आहेत. सहाव्याच्या बीटवाल्याने 'उद्या सही करतो' म्हणून अकरा दिवस झाले. गाणं भारी आहे, अल्बममधलं सगळ्यात भारी. सही येईपर्यंत अपलोडच्या फोल्डरमध्ये सातच आहेत.