मणक्याला स्टेम सेल? पैसे भरायच्या आधी हे बघा
माझा मामेभाऊ आंब्यावरून पडला, कमरेखालचं सगळं गेलं, आणि महिन्याभरात एका क्लिनिकचा व्हॉट्सॲपवर मेसेज, स्टेम सेल (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) टाकू, चालायला लागेल. घरचे शेत विकायला निघालेले.

तर आधी सीटीआरआयची साइट उघडा, तिथे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची, म्हणजे माणसांवर होणाऱ्या उपचारांच्या चाचण्यांची, नोंद असते, त्या क्लिनिकच्या ट्रायलचा नंबर टाकून बघा. नंबरच देत नसतील तर तिथूनच मागे फिरा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइनप्रमाणे मणक्यासाठी स्टेम सेल ट्रायलबाहेर द्यायच्याच नाहीत, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

मग विचारा, पेशी कुठल्या, नंतर किती वर्षं तपासणार? लिस्बनमध्ये नाकातल्या पेशी मणक्यात घातलेल्या एका बाईला ८ वर्षांनी तिथेच गाठ झाली, आत शेंबडासारखा चिकट द्रव.

आशा आहे हो. जपानच्या केइओ विद्यापीठाने ४ जणांना आयपीएस पेशींपासून (शरीरातल्या साध्या पेशी प्रयोगशाळेत बदलून केलेल्या स्टेम सेल) बनवलेल्या पेशी दिल्या, दोघांची हालचाल सुधारली, पण त्यांची दुखापत २ ते ४ आठवड्यांचीच होती.

तोवर फिजिओ थांबवू नका, आणि पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी पेशंटची कूस बदला, टाचा आणि माकडहाड लाल झालंय का रोज बघा.