बिडात जाम झालेला बोल्ट कसा सोडवावा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर मी बरीच वर्षं फिटिंगची कामं केली. मागाची फ्रेम बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, बोल्ट पोलादी, आणि सांध्यात जुनं तेल, सुताची तूस आणि गंज यांचा लगदा आवळून बसलेला. असा बोल्ट जाम झाला की शेडमधला कुणीतरी सांगतोच, "पान्याला पाईप लाव आणि ओढ." कृपा करून ऐकू नका. बहुतेक बोल्ट त्या पाइपानेच तुटतात.

तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर राहू द्या. सकाळी डोक्यावर हातोड्याचे चार-सहा सरळ ठोके द्या. पाना सहा कोनांचाच घ्या. जुन्या मागांवर इंची नट सापडतात. मिलिमीटरचा पाना "जवळपास बसतो" म्हणून लावलात तर कोपरे गेलेच समजा.

आता मला सगळ्यात जास्त त्रास झाला ती जागा. जोर लावल्यावर 'कट्ट' असा कोरडा आवाज आला तर गंज सुटला. पण आवाज न होता पाना मऊ मऊ सरकतोय, आणि हात सैल केला की थोडा मागे येतोय, तर बोल्ट फिरत नाहीये, पिळतोय. तिथेच थांबा. एकदा मला वाटलं, सुटतोय. आणखी थोडं ओढलं आणि 12 मिलिमीटरचा स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) फ्रेमच्या अगदी सपाटीला तुटला. माग दोन दिवस बंद राहिला, आणि त्या मागावर पोट असलेल्या माणसाची मजुरी बुडाली. ते मी विसरलेलो नाही.

म्हणून पहिला झटका सोडण्याच्या दिशेने देऊच नका. आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग उलट. थोडा सुटला की थोडा परत आत, तेल, पुन्हा बाहेर. सलग ओढलात तर गंजाची भुकटी आट्यांत दाटते आणि बोल्ट पुन्हा धरतो.

एवढ्यानेही हलला नाही तर गॅसचा दिवा. त्याआधी आजूबाजूची तूस आणि मारलेलं तेल पूर्ण पुसा आणि आग विझवायचं साधन हाताशी ठेवा. माग-शेडमध्ये ठिणगी म्हणजे आग. जस्त चढवलेला बोल्ट असेल तर धूर छातीत जाऊ देऊ नका, काम मोकळ्या हवेत करा. नट असेल तर नटच तापवा, बोल्ट नाही. 12 मिलिमीटरचा नट 300 अंशांनी तापला तर भोक जेमतेम चार शतांश मिलिमीटर रुंदावतं, पण गंज फुटायला तेवढं पुरतं. बोल्ट थेट बिडात गेला असेल तर डोकं तापवा आणि आपोआप गार होऊ द्या: तापताना तो फुगून दाबतो, गार होताना आकसून सुटतो. बीड एकाच जागी लालभडक करू नका, वर पाणी तर मुळीच ओतू नका, तडकतं. मेण वितळेल इतकं गरम असतानाच आट्यांवर मेणबत्ती टेकवा. वितळलेलं मेण फटीत आत खेचलं जातं.

तुटलाच, तर ईझी-आऊट (तुटक्या बोल्टात भोक पाडून त्यात घालायचं उलट आट्यांचं हत्यार) घालू नका. ते कडक पोलादाचं असतं. आत मोडलं की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. तुटक्या टोकावर वायसर, वर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा, लाली जाईपर्यंत थांबा, मग हळूहळू फिरवा. वेल्डिंगची उष्णताच निम्मं काम करते.

नवा बोल्ट घालण्याआधी भोकातून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा, कॉपर ग्रीस लावा. पहिले तीन-चार आटे हातानेच फिरले पाहिजेत. अडले तर बाहेर काढून पुन्हा साफ करा.