डिकीचे थकलेले गॅस शॉकर घरीच बदला
थंडी पडली की इंदूरात जुन्या गाड्यांच्या डिक्या हळूहळू खाली यायला लागतात, कारण डिकी वर धरून ठेवणाऱ्या शॉकरमधल्या नायट्रोजन वायूचं प्रेशर गारठ्यात कमी होतं आणि थकलेला शॉकर तेव्हाच उघडा पडतो. आमच्या जुन्या हॅचबॅकच्या शॉकरच्या दांडीवर तेलाचा चिकट काळा पट्टा दिसला, समजलं की सील गेलं. सिलिंडरवर छापलेला न्यूटनचा (म्हणजे जोराचा) आकडा आणि लांबी जुळवूनच नवीन घ्या, दोन्ही बाजूंचे शॉकर एकदम. डिकी धरायला घरातलं कुणीतरी उभं करा, नुसत्या काठीवर भरोसा नको. बारीक स्क्रूड्रायव्हरने शॉकरच्या टोकाची क्लिप थोडीशी उचलली की तिथलं सॉकेट (खोबण) गाडीवरच्या बॉलवरून सुटतं, क्लिप पूर्ण ओढू नका, उडून हरवते. नवीन लावताना डिकी बंद असताना दांडी खाली राहील असं बघा, तेल सीलपाशी राहतं. आणि जुना शॉकर कापायचा-जाळायचा नाही अजिबात, आत प्रेशर असतं.