ओझोनचा दीर्घकालीन कल काढताना आधी तापमान तपासा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी वेगवेगळ्या उपग्रहांच्या नोंदी जोडून काढलेल्या माझ्या आलेखात साधारण ४० किलोमीटर उंचीवरचा ओझोन १९९८ पासून झपाट्याने सावरताना दिसला. ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आळा घालणाऱ्या मॉन्ट्रियल करारामुळे वरच्या स्थितांबरातील (ओझोन असलेल्या वातावरणाच्या थरातील) क्लोरिन १९९७ च्या सुमारास शिखर गाठून उतरू लागले, हे आपल्याला पाठच असते. आलेख अपेक्षेशी जुळला म्हणून मी तो तपासला नाही. त्या वाढीचा मोठा भाग ओझोनचा नसून तापमानाचा होता, हे कळेपर्यंत आठ महिने गेले आणि त्याची रुखरुख अजून आहे.

प्रत्येक उपकरणाचे ऋतुचक्र वेगळे काढून वजा करणे, दोन्ही उपकरणे एकाच वेळी चालू असलेल्या सामायिक काळातील फरकावरून मालिका जुळवणे, मग सौरचक्र, क्यूबीओ (विषुववृत्तावरील स्थितांबरातील वाऱ्यांचे साधारण दोन वर्षांचे आवर्तन) आणि पिनाटुबो ज्वालामुखीची धूळ यांचा परिणाम प्रतिगमनात (कल वेगळा काढण्याच्या सांख्यिकी गणितात) घेणे, हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरते. अडचण त्याच्या आधीच्या, किरकोळ वाटणाऱ्या पायरीत आहे.

सेज-२ हे उपग्रहावरील उपकरण १९८४ पासून सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळी वातावरणातून आरपार येणारा सूर्यप्रकाश मोजत असे आणि ठरावीक उंचीवर एका घनसेंटिमीटरमध्ये ओझोनचे किती रेणू आहेत हे सांगत असे. ऑरा उपग्रहावरील एमएलएस हे उपकरण मात्र ठरावीक दाबाच्या पातळीवर हवेच्या दर दशलक्ष रेणूंमागे ओझोनचे किती रेणू आहेत हे देते. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करायला त्या उंचीवरचे तापमान आणि दाब लागतात. सेज-२ च्या फाइलींत ते दिसतात खरे, पण ते रिअ‍ॅनालिसिसमधून (निरीक्षणे आणि हवामानाचे प्रारूप एकत्र करून तयार केलेल्या नोंदींतून) आणलेले आहेत, हे विसरू नका.

आता तारखा पाहा. १९९८ मध्ये नोआ-१५ या हवामान उपग्रहाबरोबर तापमान मोजणाऱ्या उपकरणांची नवी पिढी आली आणि वरच्या स्थितांबरातील रिअ‍ॅनालिसिसच्या तापमानात त्या सुमारास अचानक उडी दिसते, म्हणजे आपण जिथे कलाची दिशा बदललेली शोधतो तिथेच. मर्रा-२ या नासाच्या रिअ‍ॅनालिसिसमध्ये ऑगस्ट २००४ पासून ५ हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीपेक्षा अधिक उंचीवर एमएलएसचे तापमान सामावलेले आहे. सेज-२ ऑगस्ट २००५ मध्ये थांबले, त्यामुळे एमएलएसबरोबरचा सामायिक काळ जेमतेम वर्षभराचा आहे आणि तो पूर्णपणे या बदलानंतरचा आहे. त्या वर्षात काढलेला फरक आपण आधीच्या वीस वर्षांना लावतो, पण त्या वीस वर्षांचे रूपांतर वेगळ्या तापमानाने झालेले असते. समजा, २६० केल्विनच्या आसपास तापमान २ केल्विनने चुकले, तर केवळ तेवढ्याने मिश्रण गुणोत्तर (हवेच्या रेणूंमागे ओझोनचे प्रमाण) ०.८ टक्क्याने सरकते; दाबातील चूक वेगळीच. आपण जो कल शोधतो तो दशकाला सुमारे १ ते ३ टक्क्यांचा आहे.

शिवाय तापमान अचूक असले तरी दोन्ही एककांतले कल एक येणार नाहीत. स्थितांबर खरोखर थंड होत आहे, हवेचा स्तंभ आकसतो आणि ठरावीक उंचीवरचा दाब कमी होतो, त्यामुळे वरच्या थरात उंचीवर मोजलेली वाढ दाबावर मोजलेल्या वाढीपेक्षा कमी दिसते. हा फरक चूक समजून ‘दुरुस्त’ करणारे मी पाहिले आहेत. तसे करू नये.

एका ज्येष्ठ संशोधकांनी मला सांगितले होते की अनेक उपग्रहांच्या नोंदींचा तयार जोडलेला संच घ्यावा आणि वेळ वाचवावा. गॉझकार्ड्स आणि स्वूश हे असे तयार संच मोलाचे आहेत, पण जोडणी एकदा स्वतःच्या हाताने केल्याशिवाय ते वापरू नयेत, असे माझे ठाम मत आहे. कोणत्या पायरीवर काय गृहीत धरले गेले, हे विचारायचे तरी सुचले पाहिजे.

मला वाट सापडली ती ओसिरिस या उपग्रहावरील आणखी एका उपकरणामुळे. तेही उंचीवरची रेणुसंख्याच देते आणि सेज-२ बरोबर त्याचा सामायिक काळ २००१ च्या अखेरीपासून जवळजवळ चार वर्षांचा आहे, त्यामुळे रूपांतर टाळता येते. पुण्याहून सोडलेल्या ओझोनसोंदांशी (फुग्याला बांधलेल्या ओझोनमापकांशी) ताडून पाहण्याचा मोह मलाही झाला होता, पण फुगा साधारण ३० ते ३५ किलोमीटरवर फुटतो. ४० किलोमीटरसाठी होहेनपायसेनबर्ग किंवा मौना लोआ येथील लायडारच्या (जमिनीवरून लेसर सोडून मोजणाऱ्या उपकरणाच्या) नोंदी घ्याव्या लागतात. आठ महिन्यांचे काम पुन्हा करावे लागेल या विचाराने मी खचले होते, पण बहुतेक संगणकीय आज्ञावली तशीच वापरता आली आणि नवा आलेख तीन आठवड्यांत उभा राहिला. त्यात वाढ निम्म्याहून कमी उरली होती, तरी ती शून्याच्या वर होती.